संगणकाचे ऑपरेशन आणि त्याआधीची तपासणी

सालेकसा तालुक्याच्या जंगलपट्टीतून सिकलसेलचा एखादा मुलगा आईसोबत सकाळच्या गाडीने गोंदियाला येतो. हिमोग्लोबिन पाचवर आलेले, डोळे पिवळे, सांधे ठणकत असतात. रक्त द्यावे लागणार हे आईला डॉक्टरांनी सांगण्याआधीच ठाऊक असते, कारण याआधी सहा-सात वेळा ते दिलेले आहे. नमुना रक्तपेढीत जातो. गट जुळतो, क्रॉसमॅचही जुळते. तरीही अनुभवी तंत्रज्ञ पिशवी लगेच सोडत नाही. आधी संगणकावर त्या मुलाचे नाव शोधतो.

हा उशीर वाया जात नाही. ए, बी, ओ आणि आरएच हे रक्तगट सर्वांना माहीत असतात. पण तांबड्या पेशींवर त्यापलीकडेही केल, डफी, किड अशा नावांच्या कितीतरी खुणा असतात. वारंवार रक्त घेणाऱ्या माणसाचे शरीर एखाद्या परक्या खुणेविरुद्ध अँटीबॉडी तयार करते. काही महिन्यांनी या अँटीबॉडीची पातळी इतकी घटते की पुढच्या तपासणीत ती सापडतच नाही. किड गटाविरुद्धच्या अँटीबॉडी तर यासाठी बदनाम आहेत. क्रॉसमॅच निर्धोक दिसते, पिशवी लावली जाते, आणि शरीराची जुनी आठवण जागी होते. साधारण आठवड्याभरात दिलेल्या पेशी फुटू लागतात, कावीळ वाढते, हिमोग्लोबिन रक्त देण्याआधीपेक्षाही खाली जाऊ शकते. सिकलसेलच्या रुग्णात हे सारे नेहमीच्या दुखण्याच्या झटक्यासारखे दिसते आणि खरे कारण नजरेतून निसटते. अशा वेळी वाचवणारी गोष्ट एकच: तीन वर्षांपूर्वी कुणीतरी केलेली एका ओळीची नोंद, ‘या रुग्णात अमुक अँटीबॉडी आढळली’.

ती ओळ ज्या संगणकात आहे, त्या संगणकाच्या पडद्यावर हल्ली वरचेवर एक सूचना येते. ‘तुमच्या विंडोज १० चा आधार संपला आहे.’ बहुतेक जण ती कोपऱ्यातल्या फुलीवर टिचकी मारून घालवतात. काही जण उत्साहाने ‘अपग्रेड’चे बटण दाबतात. दोन्ही धोक्याचे आहे, आणि दोन्हींची कारणे वेगळी आहेत.

विंडोज १० ही प्रणाली जुलै २०१५ मध्ये आली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने तिला मोफत सुरक्षा-दुरुस्त्या देणे थांबवले. याचा अर्थ त्या दिवशी संगणक बंद पडले असे नाही. ते आजही चालतात, केसपेपर छापतात, रिपोर्ट काढतात. पण ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे लाखो ओळींचे लिखाण. त्यात चुका असतात आणि त्या दर महिन्याला सापडत राहतात. चूक सापडली की कंपनी ठिगळ पाठवते. हे ठिगळ येणे थांबले की सापडलेली प्रत्येक नवी चूक त्या संगणकात कायमची उघडी राहते. लस घेतलेल्या माणसाचे बूस्टर थांबावे आणि विषाणू मात्र बदलत राहावा, तसे. अँटिव्हायरस असला तरी तो या भोकांना बुजवत नाही. तो फार तर दारावरचा पहारेकरी आहे, भिंत पडली तर त्याचा उपयोग मर्यादितच.

रुग्णालयांनी हा धडा एकदा महागात घेतला आहे. १२ मे २०१७ हा शुक्रवार होता. ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर व्हायरसने जगभरातल्या दीडशेहून अधिक देशांत संगणकांतल्या फायली कुलूपबंद केल्या आणि चावीसाठी बिटकॉइनमध्ये पैसे मागितले. सर्वांत जास्त बोभाटा झाला तो ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेचा. इंग्लंडमधल्या २३६ पैकी किमान ८० रुग्णालय-समूहांचे काम विस्कळीत झाले, ५९५ फॅमिली डॉक्टरांचे दवाखाने बाधित झाले, पाच भागांतल्या रुग्णांना आकस्मिक उपचारासाठी दूरच्या रुग्णालयात जावे लागले. सुमारे एकोणीस हजार भेटी रद्द झाल्या असाव्यात, असा अंदाज त्यांच्या महालेखापरीक्षकांनी मांडला. त्यांत कॅन्सरच्या संशयाने तातडीने बोलावलेले रुग्णही होते.

या घटनेबद्दल एक गैरसमज अजून टिकून आहे. ‘त्यांच्याकडे जुनाट विंडोज एक्सपी होते म्हणून झाले’ असे सांगितले जाते. चौकशीत दिसले ते वेगळेच. बाधित झालेले बहुतेक संगणक विंडोज ७ चे होते, म्हणजे त्या वेळी आधार चालू असलेल्या प्रणालीचे. आणि जी चूक वापरून व्हायरस आत शिरला, तिचे ठिगळ मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच, जवळपास दोन महिने आधी, उपलब्ध करून दिले होते. औषध कपाटात होते, दिले गेले नव्हते.

आपल्याकडेही फार दूर जायला नको. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी सकाळी दिल्लीच्या एम्समधले सर्व्हर अशाच हल्ल्यात बंद पडले. पाच सर्व्हरमधला सुमारे १.३ टेराबाइट डेटा कुलूपबंद झाला, असे सरकारने नंतर संसदेत सांगितले. जवळपास दोन आठवडे देशातल्या एका अग्रगण्य रुग्णालयात नोंदणी, प्रयोगशाळेचे रिपोर्ट, बिले हे सगळे हाताने लिहून चालले. डेटा परत मिळाला तो बाधित न झालेल्या सर्व्हरवर बॅकअप होता म्हणून. २०१७ च्या जूनमध्ये मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातले एक टर्मिनल ‘नॉटपेट्या’ व्हायरसने ठप्प झाले होते. तिथे कंटेनर अडकले. रुग्णालयात माणसे अडकतात.

म्हणजे अपग्रेड करायलाच हवे. पण ते घाईने केले तर काय होते, याचेही उदाहरण ताजे आहे. १९ जुलै २०२४ रोजी ‘क्राउडस्ट्राइक’ या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळा पडदा दाखवून बसले. त्या दिवशी आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले आणि परदेशातल्या कित्येक रुग्णालयांनी ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या. तिथे हल्लेखोर कुणीच नव्हता. संरक्षणासाठी टोचलेल्या इंजेक्शनचीच रिअॅक्शन आली होती.

शस्त्रक्रियेच्या क्षेत्रात हा पेच जुना आहे. ऑपरेशन टाळले तर आजार वाढतो, तयारीविना केले तर रुग्ण टेबलावर दगावतो. उत्तर म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये एक पानाची यादी आणली: रुग्ण हाच ना, बाजू हीच ना, रक्त तयार आहे ना, अॅलर्जी विचारली ना. नवी दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गुंतागुंतीचे ११ वरून ७ टक्क्यांवर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही. नुसते विचारून घेणे. संगणकाच्या अपग्रेडसाठी लागते ते हेच, आणि ते इंजिनिअर येण्याच्या आधी करायचे असते.

पहिली तपासणी म्हणजे पेशंट कोण आहे हे ठरवणे. गोंदिया जिल्ह्याचेच पाहा. १९९९ मध्ये भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात आठ तालुके आहेत. २०१६ साली गोंदियात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि केटीएस सामान्य रुग्णालय व बाई गंगाबाई स्त्री रुग्णालय त्याला जोडली गेली. त्याशिवाय तालुक्यांची रुग्णालये, प्राथमिक आरोग्य केंद्रे, शेकडो खासगी दवाखाने आणि पॅथॉलॉजी लॅब. अशा कोणत्याही ठिकाणी संगणक मोजायला बसले की आकडा कागदावरच्या यादीपेक्षा वेगळा निघतो. औषध भांडारातला एक विसरलेला असतो, एक्स-रे खोलीत पडद्याआड एक असतो, एक लसीकरणाच्या टेबलाखाली. प्रत्येकाजवळ जाऊन चार गोष्टी लिहाव्या: यावर कोण काम करते, काय काम करते, त्याला कोणती यंत्रे जोडली आहेत, आणि हा दोन दिवस बंद राहिला तर कुणाचे अडेल. चौथा प्रश्न डेटा एंट्री ऑपरेटरला आणि सिस्टरना विचारावा, साहेबांना नव्हे.

मग फिटनेस. विंडोज ११ चालण्यासाठी ६४-बिट प्रोसेसर, किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि ‘टीपीएम २.०’ नावाची सुरक्षा-चिप लागते. प्रोसेसर इंटेलचा असेल तर ढोबळमानाने आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा, म्हणजे साधारण २०१८ नंतर घेतलेला संगणक. मायक्रोसॉफ्टचे ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत साधन संगणक पात्र आहे की नाही ते दोन मिनिटांत सांगते. ‘टीपीएम नाही’ असा शेरा आला म्हणून लगेच संगणक भंगारात काढू नये. पुष्कळदा ती सोय आत असते, फक्त बायोसमध्ये बंद करून ठेवलेली असते. जाणकार माणूस ती सुरू करू शकतो. पण इथे एक खाच आहे. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद केलेली असेल आणि बायोसमध्ये काही बदलले, तर संगणक ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ती कुणाकडे नसेल तर डेटा डोळ्यांसमोर असून हाती लागत नाही. म्हणून ही की आधी काढून कागदावर लिहावी आणि तो कागद त्याच संगणकाच्या खणात ठेवू नये.

विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्तीच नाही, ही गोष्टही लहान दवाखान्यांत बहुतेकांना उशिरा कळते. कमी रॅमच्या अनेक संगणकांवर आजही ३२-बिट विंडोज १० चालते. तिथे ‘आहे त्यावरच अपग्रेड’ होत नाही. डिस्क पुसून नव्याने टाकावे लागते. त्यासोबत जुन्या यंत्रांचे ३२-बिट ड्रायव्हरही निकामी होतात. केसपेपर छापणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, जुना ईसीजी, बायोमेट्रिक हजेरी, डिजिटल सहीचे टोकन: या प्रत्येकाचा नवा ड्रायव्हर मिळतो की नाही, हे आधी पाहून पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवावे. नाही तर सोमवारी सकाळी संगणक झळाळत असतो आणि ओपीडीची रांग गेटपर्यंत गेलेली असते, कारण कागदच निघत नाही.

काही संगणकांना मात्र हातच लावायचा नाही. सीटी स्कॅनचा कन्सोल, लॅबमधल्या अॅनालायझरला जोडलेला संगणक, सिकलसेलच्या निदानासाठी वापरले जाणारे एचपीएलसी यंत्र चालवणारा संगणक. दिसायला ते टेबलावरच्या इतर डब्यांसारखेच असतात, पण ते त्या यंत्राचा अवयव असतात. यंत्राच्या कंपनीने ज्या प्रणालीवर चाचणी घेऊन आकडे बरोबर येतात असे प्रमाणित केले आहे, तीच तिथे चालायला हवी. भाच्याने येऊन विंडोज बदलून दिली आणि यंत्र सुरूही झाले, तरी त्यातून येणाऱ्या आकड्याची हमी कुणी घेतलेली नसते. अशा संगणकांसाठी कंपनीला लेखी विचारावे. उत्तर येईपर्यंत त्यांना इंटरनेटपासून तोडावे, बाकीच्या जाळ्यापासून वेगळे ठेवावे आणि त्यात बाहेरचा पेन ड्राइव्ह घालू देऊ नये. संसर्गाच्या वॉर्डात आपण जे करतो तेच.

आता बॅकअप. हा शब्द इतका गुळगुळीत झाला आहे की ‘बॅकअप आहे का?’ या प्रश्नाला कुणीही ‘आहे’ असेच म्हणतो. कुठे आहे, हे विचारले की कळते: त्याच संगणकाच्या ‘डी’ ड्राइव्हवर. ही एकच डिस्क असते, तिचे कागदोपत्री दोन भाग केलेले. डिस्क गेली की ‘सी’ आणि ‘डी’ एकाच चितेवर जातात. दुसरे नेहमीचे उत्तर म्हणजे बाहेरची हार्ड डिस्क, जी कायम संगणकालाच लावलेली असते. खंडणीखोर व्हायरस तिलाही कुलूप लावतो.

म्हणून संगणकक्षेत्रातला जुना दंडक आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक इमारतीबाहेर. त्यातली किमान एक प्रत वायर काढून कपाटात ठेवलेली असावी. पण याहीपेक्षा महत्त्वाची गोष्ट सहसा कुणी करत नाही, ती म्हणजे बॅकअप उघडून पाहणे. ऑपरेशनच्या आधी रक्त ‘आहे’ एवढे ऐकून सर्जन सुरुवात करत नाही. पिशवीचा क्रमांक, गट, मुदत वाचून घेतो. तसेच बॅकअप दुसऱ्या संगणकावर घेऊन जावा, त्यातल्या पाच-दहा फायली उघडाव्यात, एखाद्या जुन्या रुग्णाची नोंद शोधून दाखवा म्हणावे. लॅबच्या किंवा बिलाच्या सॉफ्टवेअरची नुसती फोल्डर-प्रत बऱ्याचदा उघडतच नाही, कारण डेटा आतल्या डेटाबेसमध्ये असतो आणि तो त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या बॅकअप बटणानेच नीट बाहेर येतो. हे कळण्याची योग्य वेळ डिस्क पुसण्याआधीची आहे.

‘आमचे सगळे ऑनलाइन आहे’ असे म्हणणाऱ्यांनीही एकदा थांबावे. सरकारी पोर्टलवरची, ई-रक्तकोषसारख्या प्रणालीवरची माहिती सर्व्हरवर असते हे खरे. पण रोजच्या कामात माणसे स्वतःची सोय करून घेतात. पोर्टल हळू चालते म्हणून एक्सेलमध्ये यादी ठेवली जाते. सिकलसेलच्या कोणत्या मुलाला हायड्रॉक्सियुरिया किती मिलिग्रॅम चालू आहे, कुणाचे रक्तपेशींचे मोजमाप कधी करायचे आहे, कोणत्या गरोदर आईचा नवरा वाहक निघाला आणि पुढच्या तपासणीसाठी तिला कधी बोलावले आहे, हे सारे ‘नवीन फोल्डर (२)’ मधल्या एका फायलीत असते. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी शहडोलहून सुरू झाले. सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट. तपासणीचा आकडा पोर्टलवर सुरक्षित राहील. पण पाठपुरावा डेस्कटॉपवरच्या त्या फायलीच्या आधाराने चालतो, आणि डेस्कटॉप ‘सी’ ड्राइव्हवर असतो.

विदर्भात आणखी एका गोष्टीची खास काळजी घ्यावी लागते, ती म्हणजे फॉन्ट. २०१० च्या आसपासची आणि त्याआधीची मराठी-हिंदी टंकलेखने बहुतेक कृतीदेव, शिवाजी, श्रीलिपी किंवा आयएसएमच्या फॉन्टमध्ये केलेली आहेत. या फायलींत आत मराठी नसतेच. आत इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे असतात, त्यांना देवनागरीचा मुखवटा फॉन्ट चढवतो. डिस्क पुसली, फॉन्ट गेला, की पंधरा वर्षांची पत्रे, डिस्चार्ज कार्डांचे नमुने, शिबिरांच्या याद्या निरर्थक इंग्रजी अक्षरांच्या रूपात समोर येतात. फाइल बिघडलेली नसते, पण वाचता येत नाही. आणि घाबरून कुणीतरी ती पुसून टाकते. म्हणून फॉन्टचे फोल्डर बॅकअपमध्ये आधी घ्यावे. टायपिंगच्या सॉफ्टवेअरची सीडी किंवा परवाना क्रमांक शोधून ठेवावा. जमेल तितक्या फायली युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात, फक्त जोडाक्षरे, रफार आणि अंक नंतर डोळ्यांनी तपासावे लागतात. औषधाच्या मात्रेतला ‘५’ कुठल्याशा चिन्हात बदलला तर तो निव्वळ शुद्धलेखनाचा प्रश्न राहत नाही.

वेळ कोणती निवडावी? पावसाळा नक्कीच नाही. धान रोवणीच्या दिवसांत सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावच्या जंगलपट्टीतून हिवतापाचे रुग्ण वाढतात, वीज कोसळण्याचे आणि जाण्याचेही तेच दिवस. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा धुळीने भरलेला, पंखा अडकलेला संगणक दोन तास पूर्ण ताकदीने चालवणे म्हणजे तापात पळवण्यासारखे. हिवाळ्यातला एखादा शनिवार दुपारनंतरचा बरा. संगणक आधी उघडून धूळ झटकावी, यूपीएसची बॅटरी खरेच चालते का हे प्लग काढून पाहावे, ‘सी’ ड्राइव्हवर पंचवीस-तीस जीबी जागा मोकळी करावी. घड्याळाचा नाण्याएवढा सेलही बदलावा. तो संपला असला की तारीख मागे जाते आणि आजच्या रिपोर्टवर भलत्याच वर्षाची तारीख छापली जाते.

आणि सगळे एकदम करू नये. सर्वांत कमी महत्त्वाचा संगणक पहिल्यांदा, बाकीचे त्याचे आठवडाभर निरीक्षण करून. त्या काळात कागदी रजिस्टर, छापील केसपेपर, रेफरल चिठ्ठ्यांचे गठ्ठे टेबलावर हवेत. संगणक बंद असताना ओपीडी कशी चालवायची हे नव्याने रुजू झालेल्यांना ठाऊक नसते. त्यांनी ते कधी पाहिलेलेच नसते. एम्समध्ये त्या दोन आठवड्यांत जुन्या कर्मचाऱ्यांचे हात कामी आले असणार.

जे संगणक फिटनेसमध्ये नापास होतात त्यांचे काय? घरगुती वापरकर्त्यांना मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा-दुरुस्त्या देऊ केल्या आहेत. खात्यात लॉगइन करून सेटिंग्जचा बॅकअप सुरू केला की त्या पैशांशिवायही मिळू शकतात. संस्थांना मात्र पहिल्या वर्षी प्रत्येक संगणकामागे ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षे. दुप्पट होत जाणारा दर पाहिला की ही सवलत म्हणजे सलाइन आहे, उपचार नव्हे, हे लक्षात येते. ज्या संगणकावर फक्त ब्राउझर उघडून पोर्टल भरायचे काम आहे, त्यावर लिनक्स टाकणे हा चांगला पर्याय आहे. उबुंटू मोफत मिळते, सी-डॅकने भारतीय भाषांसाठी बनवलेली ‘बॉस’ ही प्रणालीही आहे. मराठी इन्स्क्रिप्ट कळफलक त्यात उत्तम चालतो. फक्त डिजिटल सहीचे टोकन आणि प्रिंटर त्यावर चालतात का, हे आधी करून पाहावे. बाकी, बनावट परवान्याची विंडोज ‘स्वस्तात टाकून देतो’ म्हणणाऱ्याला दवाखान्याच्या दारातूनच परत पाठवावे. ज्याने कुलूप तोडून दिले, त्याच्याकडे किल्ली राहते.

जुना संगणक काढून टाकताना डिस्कची वाट नीट लावावी. फॉरमॅट केले म्हणजे पुसले असे होत नाही. साध्या फॉरमॅटनंतर फायली परत काढता येतात, आणि त्यांत एचआयव्हीच्या रिपोर्टपासून गर्भपाताच्या नोंदींपर्यंत सारे असू शकते. डिस्क पूर्ण ओव्हरराइट करावी किंवा फोडून नष्ट करावी. उरलेला सांगाडा १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे नोंदणीकृत पुनर्वापरकर्त्याकडे द्यावा, रस्त्यावरच्या भंगारवाल्याकडे नाही. त्याआधी नोंदी जपण्याची मुदतही पाहावी. भरती रुग्णांच्या नोंदी किमान तीन वर्षे ठेवणे आणि मागितल्यावर ७२ तासांत देणे हे वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमावलीने डॉक्टरांवर घातलेले बंधन आहे. ‘विंडोज बदलली म्हणून गेले’ हे कारण रुग्णाला किंवा न्यायालयाला सांगता येत नाही.

घरच्या संगणकाला यातले निम्मे पुरते. वडिलांचे अँजिओग्राफीचे रिपोर्ट, आईच्या साखरेची वही स्कॅन केलेली, बाळाचे लसीकरण कार्ड: ते सारे एका पेन ड्राइव्हवर आणि आणखी एका ठिकाणी घ्यावे, दोन्ही उघडून पाहावे, बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड ब्राउझरच्या भरवशावर न ठेवता लिहून घ्यावेत, मग बटण दाबावे. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून.

अपग्रेड झाल्यावर विंडोज १० कडे परत जाण्याची सोय साधारण दहा दिवस राहते. नंतर जुन्या प्रणालीचे फोल्डर आपोआप पुसले जाते. डिस्क पुसून नव्याने टाकले असेल तर तीही सोय नाही. शस्त्रक्रियेनंतर टाके काढेपर्यंतचे दिवस असतात, तसे हे दिवस. या काळात प्रत्येक विभागाने आपापले एक खरे काम पूर्ण करून पाहावे. औषध भांडाराने एक पावती छापावी, एक्स-रे खोलीने एक जुनी प्रतिमा उघडावी. रक्तपेढीने वारंवार रक्त घेणाऱ्या चार-पाच जुन्या रुग्णांची नावे शोधावीत. अँटीबॉडीची ती ओळ पडद्यावर दिसते का, मराठी अक्षरे शाबूत आहेत का, तारीख तीच आहे का, हे जाड पुठ्ठ्याच्या जुन्या रजिस्टरशी ताडून पाहावे. मग रजिस्टर परत कपाटात, हाताला लागेल अशा फळीवर ठेवावे.